मावशी नावाचं मशीन

४ मार्च
लेखनवर्गात शाबासकी! बाईंनी गेल्या शनिवारी सांगितलं होतं — रोजच्या बघण्यातली एक वस्तू घ्या, तिला माणूस करा. ‘नुसतं हसली, रडली लिहू नका. तिला काहीतरी हवं असू द्या.’ मी आमच्या प्रेसमधलं कागद कापायचं मशीन घेतलं. त्याला सगळे मावशीच म्हणतात, म्हणजे मला आयतीच मिळाली. नाकावर राग, सतत भूक, पण दादावर भारी जीव. दादा बावीस वर्षं ते मशीन चालवतोय.

६ मार्च
मालकांनी लेख मागून घेतला आणि थेट मशीनमागच्या भिंतीला चिकटवला. मी दिवसभर हवेत.

९ मार्च
मावशी चिडली म्हणे. गठ्ठा कापून पातं वर गेलं आणि कुणी बटण न दाबता पुन्हा खाली आलं. दादाने हात नुकताच काढला होता. मी समोरच्या टेबलावर पानं दुमडत होते, सगळं बघितलं.
बाकीचे खिदळले. ‘मावशीला भूक लागली!’ माझ्याच लेखातलं वाक्य.

१० मार्च
झोप नाही.

१३ मार्च
मेकॅनिक आला. मालकांनी त्यालाही लेख वाचायला लावला. तो हसला नाही. ‘ताई, राग-बिग काही नाही. ब्रेक झिजलाय. आणि हे काय करून ठेवलंय?’
दोन बटणं दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच पातं पडायला हवं, म्हणजे हात पात्याखाली राहूच शकत नाहीत. आमच्याकडे एक बटण चिकटपट्टीने कायमचं दाबलेलं. एक हात मोकळा राहतो, काम भराभर उरकतं. मी ती पट्टी रोज बघते. लेखात मावशीचा राग आहे, रुसवा आहे — पट्टी कुठेच नाही!
मालक म्हणाले, ‘वह्यांच्या ऑर्डरची घाई संपू दे, मग बघू.’

१४ मार्च
जेवताना दादाला म्हटलं, पट्टी काढ.
‘काढली तर काम रखडेल. मालक काय डोक्यावर घेऊन नाचतील मला?’
‘अरे, हात जाईल!’
‘मला नाही काही करायची ती. ओळखते मला. तूच लिहिलंयस की!’
वहिनी ताट तसंच टाकून आत गेली.

१८ मार्च
बाईंना विचारलं — दिलेलं माणूसपण काढून कसं घ्यायचं? त्या म्हणाल्या, ‘काढू नका. तिलाच बोलू द्या. फक्त खोटं बोलू देऊ नका.’

१९ मार्च
लिहिलं. दुपारी दादासमोर वाचलं.
‘मला डोळे नाहीत. तू ज्याला माझी माया समजलास तो ब्रेक होता, तो झिजला. कागद, पुठ्ठा, बोट, मला सगळं सारखंच. तुझं नाव मला माहीत नाही.’
दादा भडकला. ‘काय अभद्र वाचतेस गं भरल्या घरात!’ पान चुरगळून फेकलं. मग बराच वेळ स्वतःचे हात बघत बसला. मला रडू आवरेना. नको ती शाबासकी, नको तो लेख, दादा धडधाकट राहू दे.

२० मार्च
दादाने पट्टी खरवडून काढली! ‘ब्रेक बदलल्याशिवाय मशीनला हात लावणार नाही’ — मालकांच्या तोंडावर. ‘मशीन’ म्हणाला तो, ‘मावशी’ नाही. मालकांनी त्याला घरी पाठवलं. वहिनी किती दिवसांनी पोटभर जेवली. उद्याचं उद्या.

२१ मार्च
मशीनवर नवी पट्टी. मालकांनी मला बोलावलं. ‘तुला तिची नस न् नस ठाऊक आहे. उद्यापासून तू उभी राहा.’
म्हटलं, ‘मालक, ते मशीन कुणालाच ओळखत नाही.’
‘वा!’ मालक हसले. ‘हेही लिही त्यात.’