तुझ्या तोंडचं ‘कोशर’

आई,

सिनेगॉगच्या मागच्या मिक्वेवरची, म्हणजे शुद्धीच्या स्नानाच्या हौदावरची, तुझी पाटी कमिटीने काढली. ‘फक्त लग्न झालेल्या व ठरलेल्या बायकांसाठी. कारण विचारू नये.’ तिच्या जागी ‘समाजातील सर्वांसाठी खुले’ अशी गुळगुळीत नवी पाटी आली आहे. पुरुषांना सकाळ, बायकांना संध्याकाळ, आणि लग्नाचं कुणी विचारायचं नाही. तू गेल्यावर देखरेखीला मला बसवलंय, कारण तुझं काम जवळून पाहिलेली मीच तेवढी उरले.

जवळून म्हणजे दाराबाहेरून. तू आत, मी बाहेर टॉवेल घेऊन. गच्चीवरचं पावसाचं पाणी साठवलेल्या त्या हौदात उतरण्याआधी बाई मंगळसूत्र काढायची, नखं घासायची, आणि मग तू तिचे केस विंचरायचीस. दाराच्या फटीतून मला दिसायचं. किती सावकाश विंचरायचीस! घरी माझी वेणी घालताना मात्र कंगवा असा ओढायचीस की डोळ्यांत पाणी यायचं. बाई तीनदा बुडी मारायची. तिचा एकेक केस पाण्याखाली गेला का ते तू वाकून बघायचीस आणि दर बुडीला म्हणायचीस, "कोशर." म्हणजे झालं, काही राहिलं नाही. माझा स्वयंपाक, माझं शिवण, माझी नोकरी, यातलं काहीच तुला कधी इतकं पसंत पडलं नाही. मी त्या सगळ्या बायकांवर जळायचे, आई. ज्यांची नावंही माहीत नव्हती त्यांच्यावरसुद्धा.

तिशी उलटली, माझ्या लग्नाची बोलणी थांबली, तेव्हा एकदा धीर करून विचारलं, "आई, मला एकदा उतरू दे ना. तूच बघ." तू टॉवेलांच्या घड्या घालत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "अंघोळच करायची तर घरी बादली आहे." पुण्यात एवढं बोललं की विषय संपतो, तसा तो संपला.

गेल्या आठवड्यात विश्रांतवाडीहून एक मुलगी आली, आईला घेऊन. "मावशी, माझं लग्न-बिग्न काही झालेलं नाही हं. नवीन जॉब लागलाय, म्हटलं एकदा करून बघू. चालेल ना?" चालेल म्हणाले. नाही म्हणून सांगते कुणाला, पाटीच तशी आहे. तिची आई तिचे केस विंचरायला बसली आणि विंचरता विंचरता मला सांगू लागली, "माझ्या लग्नाच्या आधी इथे तुमच्या आईच होत्या. मी नुसती थरथरत होते. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, ‘घाबरू नकोस बाळा, मी आहे ना.’ अजून आठवतं बघा."

बाळा! मला तू जन्मभर ‘अगं ए’ म्हणालीस.

मुलगी उतरली, तिने बुडी मारली. एकही केस वर राहिला नाही, मी नीट पाहिलं. आणि तरी म्हणाले, "केस वर राहिले. पुन्हा." तिने पुन्हा मारली. मी पुन्हा तेच म्हणाले. पाच वेळा असं झालं. तिचे ओठ निळे पडले, तिची आई माझ्याकडे टक लावून बघायला लागली, तेव्हा कुठे माझ्या तोंडून तो शब्द निघाला. उरलेल्या दोन बुड्या मी निमूट मोजल्या. मुलगी काकडत हसली. "मावशी, तुम्ही फारच स्ट्रिक्ट आहात!" तिला टॉवेलात गुंडाळत तिची आई म्हणाली, "यांच्या आईपण अशाच होत्या गं."

नव्हतीस तू अशी. तू कुणाला खोटं ‘पुन्हा’ म्हणाली नाहीस. कडक होतीस, पण त्या पाण्याशी प्रामाणिक होतीस. मी त्या पोरीची माफीही मागितली नाही.

त्या गेल्यावर मी आतून कडी घातली आणि उतरले. पाणी छातीपर्यंत आलं, चांगलंच गार होतं. तीन बुड्या मारल्या. आपले केस आपल्याला दिसत नाहीत, दुसऱ्या कुणीतरी काठावर उभं राहून बघावं लागतं, हे मला वेगळं कुणी शिकवायला नको.

कमिटीला सांगितलं, हौदाचा तळ तपासायला उतरले होते. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, बहुतेक फाडीनच. पण तुला म्हणून सांगते, तिसऱ्या बुडीनंतर बोटं सुरकुतेपर्यंत मी तशीच पाण्यात उभी होते. वाटलं, आता म्हणशील.