टेबलाभोवतीचे आठजण

ता. ५ फेब्रुवारी

चि. टाचणी हिस,
अनेक आशीर्वाद.

मंगळवारी सकाळी मी साडेसहालाच बाइंडिंगखान्याचं कुलूप काढलं. माणसं आठला येतात. दिवे लावले, हात जोडले आणि लांब टेबलाभोवती एकटाच फिरलो. हे तेच टेबल, ज्याच्याखाली बसून तू कातरणांची घरं बांधायचीस. फिरताना तुझा फोनवरचा प्रश्न आठवत होता, की प्रकल्पाच्या गटाची प्रमुख झालेय, आता चौघांना कामाला कसं लावू. फोनवर मला काही सुचलं नाही. मला लिहितानाच सुचतं हे तुला ठाऊक आहे, म्हणून हे पत्र.

तुझ्या व्यवस्थापनाच्या पुस्तकांत काय आहे ते मी वाचलेलं नाही. चार वर्ग एका खोलीत भरायचे अशा गावच्या शाळेत मी शिकलो. आमच्याकडे पुस्तक कसं गोळा होतं एवढंच मला सांगता येतं. छापून आलेले फर्मे, म्हणजे सोळा-सोळा पानांच्या घड्या, टेबलावर क्रमाने ढीग करून मांडतात. आठ माणसं एकामागे एक टेबलाभोवती चालतात आणि प्रत्येक ढिगातून एक घडी उचलतात. फेरी संपली की हातात एक पूर्ण पुस्तक. इथे कुणाला कुणाच्या पुढे जाता येत नाही. सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या मागे प्रमुखाने चालायचं, ही आमची जुनी रीत. मागच्यांची कुरकुर मग प्रमुखाच्या पाठीवर पडते. मी काकांच्या मागे चालतो. तुला काका आठवत असतील, मला विसाव्या वर्षी घडी घालायला शिकवलं ते. आता त्यांचे गुडघे इतके वाजतात की आठची घंटा नाही झाली तरी चालतं.

तेव्हा गटात सगळ्यात हळू कोण आहे ते आधी बघ आणि त्याच्या मागे चाल. त्याच्या हातचं काम मात्र काढून घेऊ नकोस.

इथली बातमी अशी की थोरले मालक आता क्वचितच येतात. धाकटे मालक तू शिकतेस तेच शिकून आलेत. त्यांनी मला एक कागद दिलाय. त्यावर एक ते आठ ओळी आहेत. टेबलावरच्या आठजणांना क्रम लावायचा आणि महिनाअखेरीला आठव्याला घरी पाठवायचं. पहिल्या ओळीत माझं नाव त्यांनी आधीच छापून दिलंय. नेतृत्व म्हणजे कठीण निर्णय घेणं, असं ते मला समजावत होते. मी मान हलवली. कोणत्या दिशेला, ते त्यांनी पाहिलं नाही. कागद प्रार्थनेच्या वहीत ठेवलाय, एक-दोन दिवसांत परत करीन. तू काळजी करू नकोस.

आई आशीर्वाद सांगते आणि स्वेटर कोरडा झाल्याशिवाय घालू नकोस असंही सांगते.

तुझा,
बाबा


ता. १० फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र शनिवारी मिळालं. गुरुवारी मिळालं असतं तर मी एक गाढवपणा करण्यापासून वाचले असते.

आमच्या गटाचा विषय आहे वसतिगृहाच्या धुलाईघरात कपडे का हरवतात. मी अगदी पुस्तकातल्यासारखी सुरुवात केली. कामाचे तक्ते, तारखा, रोज सकाळी पाच मिनिटांची उभ्याउभ्या बैठक. त्या बैठकीत आमचा वक्ता एकटाच चार मिनिटं बोलतो. तो फार छान बोलतो, आणि बोलून झालं की काम झालं असं त्याला मनापासून वाटतं. दुसऱ्या टोकाला आमची मौनी. ती तीन दिवसांत एक पान लिहिते आणि चौथ्या दिवशी खोडते. बाकी दोघं सांगितलं तेवढं करतात.

मौनीची आठ पानं यायची होती. गुरुवारी दुपारपर्यंत दोन आली. म्हणून मी बसले आणि आठही पानं स्वतः लिहून त्यावर तिचं नाव टाकलं. तिला सांगितलंही नाही. मला वाटलं, प्रमुखाने ओझं उचलायचं असतं. शुक्रवारी वर्गासमोर सरांनी तिला सहाव्या पानावरचा एक आकडा कुठून आला ते विचारलं. तिने पान उलटलं, परत उलटलं, आणि मग सांगून टाकलं की हे तिने लिहिलेलंच नाही. वर्ग हसला. ती माझ्याकडे पाहत होती आणि मी फळ्याकडे.

आता वक्ता आणि बाकी दोघं म्हणतात, तिला काढ. त्यासाठी एक फॉर्म असतो. वीस तारखेपर्यंत प्रमुखाने सही केली की सदस्य गटाबाहेर, आणि तिचं अख्खं सत्र वाया. सर म्हणाले, कंपनीत असं माणूस एक दिवस टिकणार नाही, आणि सही करता येते का हीच माझी परीक्षा आहे. मौनी जेवताना आता माझ्या टेबलावर बसत नाही.

बाबा, मला सही करायची नाही. पण न करण्यासाठी माझ्याकडे एकही कारण नाही जे सरांपुढे मांडता येईल. तुम्ही तो कागद परत केलात ना? काय सांगितलंत ते मला जसंच्या तसं कळवा. मी तेच वापरीन.

तुमची,
टाचणी

ता. क. स्वेटर हरवला. धुलाईघरातच.


ता. १४ फेब्रुवारी

चि. टाचणीस आईचे आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन पोचलं. तुझ्या बाबांनी दोनदा वाचलं. रोज लिहायला बसतात, चि. एवढं लिहितात आणि पेनाला टोपण लावून उठतात. तेव्हा मीच लिहिते. मला त्यांच्यासारखं अक्षर नाही, पण निदान ते टपालात तरी पडतं.

कागद परत केलेला नाही. वहीतच आहे. ते सकाळी प्रार्थना म्हणतात तेव्हा त्याच्यावर बोट ठेवून पुढचं पान उलटतात, हे मी स्वतः पाहिलंय. आणि दुसरं म्हणजे, दोन महिने झाले, साडेसहाला दार उघडतात ते कशासाठी ते तुला लिहिलंय का त्यांनी? गुडघ्यांमुळे काकांच्या रोज काही फेऱ्या बुडतात, म्हणून हे एकटे फिरून साठेक पुस्तकं गोळा करतात आणि काकांच्या ढिगात मिसळतात, म्हणजे संध्याकाळच्या मोजणीत काका मागे पडत नाहीत. काकांना त्यातलं काही माहीत नाही. घरी येऊन पाय गरम पाण्यात घालून बसतात आणि मी विचारलं की सांगतात, बूट घट्ट आहेत. मी नवे बूट आणले. तेही घट्ट निघाले.

त्यांनी तुला काम काढून घेऊ नकोस असं लिहिलं, ते वाचून मी हसले होते.

हे मी सांगितलं असं त्यांना म्हणू नकोस. म्हणालीस तरी माझी हरकत नाही. दुसरा स्वेटर विणायला घेतलाय, मायेत काही कमी पडणार नाही, बाह्यांत पडलं तर सांभाळून घे.

आई


ता. १८ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या उत्तराची वाट पाहायची असं ठरवलं होतं, पण पत्र टपालात टाकून परतताना वाटेत मौनी दिसली आणि धीर सुटला. तिला सांगितलं की चूक माझी, तिची नव्हे. ती म्हणाली की तिने माझ्याकडे मदत मागितली नव्हती, आणि तिला हळू काम करण्यापेक्षा माझ्या भाषेतली आठ पानं आपली म्हणून वाचायची जास्त लाज वाटली. मी ती पानं तिच्यासमोर फाडली. मग तिला विचारलं, जे मी आधी कधीच विचारलं नव्हतं, की तुला हे काम कसं करायचं होतं.

तिला धुलाईघरात बसायचं होतं. फक्त बसायचं. बुधवार ते शुक्रवार ती उघडण्यापासून बंद होईपर्यंत एका स्टुलावर बसली. तिने शोधून काढलं की कपडे हरवतच नाहीत. आमच्या आणि शेजारच्या वसतिगृहाच्या टोपल्या एकाच निळ्या रंगाच्या आहेत, आणि बुधवारी एकच गाडी दोन्हीकडे जाते. शेजारी सदतीस कपडे निघाले. माझा स्वेटर मिळाला. वक्त्याचा एक सदराही मिळाला, ज्याच्या चोरीवर तो महिनाभर बोलत होता. आता तो मौनीच्या संशोधनपद्धतीवर बोलतो.

काल आम्ही अहवाल एक दिवस उशिरा दिला. सरांनी पाच गुण कापले आणि म्हणाले की अहवाल उत्तम असला तरी प्रमुख म्हणून मी नापास आहे. मी फॉर्म कोरा त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, सर, ते यावरच लिहून द्या, मी सही करते. त्यांनी लिहिलं नाही. फॉर्म खणात टाकला.

आता तुमच्याबद्दल. साडेसहाला तुम्ही काय करता ते मला कळलंय. कुणी सांगितलं ते विचारू नका, बूट तिच्याच पसंतीचे आहेत. बाबा, मी मौनीच्या नावावर आठ पानं लिहिली, तुम्ही काकांच्या नावावर रोज साठ पुस्तकं लिहिताय. एक दिवस कुणीतरी काकांना सहाव्या पानावरचा आकडा विचारणार, सगळ्यांसमोर. त्यांना तुम्ही विचारलंत का, की त्यांना काय हवंय? तुम्ही मला शिकवलंत, आता मी तुम्हाला सांगते: आधी काकांशी बोला, मग तो कागद वहीतून बाहेर काढा.

उद्धटपणा वाटला तर रागवा, पण पत्रातून रागवा, म्हणजे लिहून तरी होईल.

तुमचीच,
टाचणी


ता. २७ फेब्रुवारी

चि. टाचणीस,
अनेक आशीर्वाद.

रागावलो होतो. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी तुझं पत्र प्रार्थनेनंतर पुन्हा वाचलं तेव्हा राग कुठे ठेवला ते आठवेना.

सोमवारी सुटीच्या घंटेनंतर काकांना थांबवलं आणि सगळं सांगितलं. कागदाचंही आणि साडेसहाचंही. ते डबा घेऊन निघून गेले. मंगळवारी दिवसभर माझ्यापुढे चालले, पण मागे वळून पाहिलं नाही. तीस वर्षांत असं झालं नव्हतं. संध्याकाळी आले आणि म्हणाले की त्यांना सगळं आधीपासून ठाऊक होतं. पुस्तक गोळा झालं की आपण ते टेबलावर ठोकून कडा सारख्या करतो. माझी ठोक डावीकडे झुकते आणि तीस वर्षं शिकवूनही मी ती सुधारली नाही, त्यामुळे त्यांच्या ढिगातली माझी पुस्तकं ते रोज ओळखायचे. मी विचारलं, मग बोलला का नाहीत. ते म्हणाले की मी एवढ्या सकाळी उठून येतो तर त्यात मला काही सुख मिळत असेल असं त्यांना वाटलं. आणि मग म्हणाले की रोज संध्याकाळी मोजणीच्या वेळी त्यांना मान खाली घालावी लागायची, ती हळू चालण्यामुळे नव्हे.

हे मी कुणापाशी बोललो नसतो. तुला लिहितो.

त्यांना काय हवंय ते मी विचारलं. ते म्हणाले, गुडघे गेले, अंगठा गेलेला नाही. बुधवारी टेबलाच्या तोंडाशी त्यांच्यासाठी स्टूल ठेवलं. आम्ही सातजण चाललो आणि फेरी संपली की पुस्तक त्यांच्या हातात दिलं. ते कडेवरून अंगठा फिरवतात आणि जाडीवरून सांगतात की एक घडी कमी आहे किंवा दोनदा आली आहे. दिवसभरात त्यांनी तेवीस पुस्तकं बाजूला काढली. एरवी ती शिवून, पुठ्ठा चढून बाहेर गेली असती आणि कुणीतरी ती वाचताना मध्येच खड्ड्यात पडला असता. त्यातली नऊ माझी होती. काकांनी ते मोठ्याने सांगितलं. सगळे हसले, मीही.

काल, गुरुवारी सकाळी, मी तो कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर आपलं टेबल काढलं. टेबलाभोवती सात नावं लिहिली आणि तोंडाशी, जिथून प्रत्येक पुस्तक जातं तिथे, काकांचं. खाली सही केली, तारीख घातली आणि धाकट्या मालकांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो आधी उलटला, पलीकडच्या सात ओळी रिकाम्या पाहिल्या, परत उलटला. म्हणाले, यात आठवा कोण ते कळत नाही. मी म्हटलं, साहेब, मी तीस वर्षं फिरतोय, मलाही कळलेलं नाही. ते म्हणाले की पहिल्या ओळीतलं नाव खोडताही येतं. मी खिशातली पेन्सिल काढून त्यांच्यापुढे ठेवली. ती त्यांनी उचलली नाही. सोमवारी थोरल्या मालकांशी बोलून ठरवू म्हणाले. मी म्हटलं, जरूर बोला, फक्त ज्याला घरी पाठवायचं त्याचं नाव तुम्ही स्वतःच्या अक्षरात लिहा, माझ्या हातून ते होणार नाही, आणि काका गेले तर त्यांच्या मागे चालायची माझी सवय आहे.

एरवी मला लिहितानाच सुचतं. पण शब्द पूर्ण बाहेर पडले.

सोमवारचं देव जाणे. तुझे पाच गुण गेले, माझंही काय जाईल ते दिसेलच. वही आता नीट मिटते. आईला सांगितलं की बूट घट्ट नव्हते. ती म्हणाली, माहीत आहे.

तुझ्या मौनीला माझा आशीर्वाद सांग. तुझ्यावर माया आहेच, पण ह्या खेपेला त्या मायेत थोडा तुझा धाकही मिसळलाय, तो असू दे.

आज सकाळी कारखान्याचं कुलूप मी आठला काढलं. सगळे बाहेर उभे होते. काकांना आधी आत जाऊ दिलं आणि त्यांच्या मागे गेलो.

तुझा,
बाबा