लेकीच्या घरचं पाणी

आबा,

परवा मी तुम्हाला भर सभेत उभं केलं. नाव घेतलं नाही, "माझे वडील" एवढंच म्हटलं, पण माझे वडील तुम्हीच, तेव्हा लपवण्यात अर्थ नाही. सभा नदीची होती. पवनेचं पुढे काय करायचं ते ठरवायला काळेवाडीतल्या एका मंगल कार्यालयात आम्हा काठावरच्या माणसांना बोलावलं होतं. भिंतीवर चित्रं लावली होती, त्यात नदी निळीशार आणि काठाने बाकडी. माझ्या नातवाच्या वयाचा एक साहेब मला म्हणाला, आजी, तुमच्या काळी नदी किती स्वच्छ असेल नाही! असल्या बोलण्याचा मला संताप येतो. घाण काय काल आभाळातून पडली? मी गुडघ्यावर हात ठेवून उठले आणि सांगितलं, की ह्या पात्रात कंपनीची पाइप पहिल्यांदा सुटली ती आमच्याच काळात, आणि ती कुठे सोडायची ती जागा माझ्या वडिलांनी दाखवली. मग तांब्याची गोष्ट सांगितली. ती मी आयुष्यभर सांगत आले आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या घरी येईपर्यंत कानात राहिल्या, म्हणून वही घेऊन बसले आहे. रागावू नका असं मी म्हणणार नाही. खुशाल रागवा. मीही रागातच लिहिते आहे.

आपल्या घाटाचा कायदा तुम्हीच मला शिकवलात. मी असेन आठ-नऊ वर्षांची. वरच्या अंगाला, उंबराच्या मुळाशी पिण्याचं पाणी, त्याच्या खाली गुरांची जागा, त्याच्या खाली धुण्याचे दगड. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण वाटेवरच्या वासरालाही ठाऊक होतं. मी चिंचा खाऊन हात चिकट करून घेतले होते आणि खालपर्यंत जायचा कंटाळा केला. उंबराखालीच हात खळबळले. तुम्ही बैल घेऊन येत होतात. हात उगारला नाहीत. पाच बाया घागरी भरून निघाल्या होत्या, त्यांना तुम्ही त्या ओतायला लावल्यात, आणि संध्याकाळी मला त्या पाचही घरांच्या उंबऱ्यावर उभं करून बोलायला लावलंत, की माझ्यामुळे तुम्हाला दुसरी खेप घालावी लागली. शेवटच्या घरी मला रडू फुटलं. येताना तुम्ही फक्त एक वाक्य बोललात. "पान्यात हात घालायच्या आधी खाली कोन हाय ते बघावं."

हे वाक्य मी तुमच्यावर उलटवणार आहे, आबा. तयारीत असा.

धुण्याच्या दगडांच्या खाली काय होतं, ते तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत. तिथे गावकुसाबाहेरच्या बाया पाणी भरायच्या. आपली गुरं, आपली लुगडी, आपल्या गोधड्या, सगळ्यांच्या खाली त्यांचा पाणवठा. मी लहानपणापासून ते बघत होते आणि त्यात काही वावगं आहे असं मला वाटलं नाही, कारण तुम्हाला वाटलं नाही. आपला कायदा चांगला होता म्हणून सभेत माना डोलावतात माणसं. चांगला होता, वरच्यांसाठी. घाण खाली लोटायची आणि खाली जो असेल तो मोजायचा नाही, ही सवय आपल्याला कंपनीने लावली नाही. ती आपल्याकडे आधीपासून होती. कंपनीने येऊन तिला फक्त लोखंडी नळा जोडून दिला.

कंपनी आली तेव्हा स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती. पिंपरी स्टेशनच्या बाजूला माळावर एकापाठोपाठ एक कारखाने उठत होते. आपल्या गावालगतचा तसा बेताचाच, सायकलच्या भागांना चकचकीत मुलामा द्यायचा. तुम्ही तिथे खणणाऱ्या गड्यांवर मुकादम झालात. तुमचा आनंद मला आज दिसतो. खाकी कोट, खिशात शिट्टी. सकाळी भोंगा झाला की भाकर अर्धी ठेवून उठायचात. आई म्हणायची, एवढी घाई पेरणीलाही केली नाही कधी. साहेबाने तुम्हाला विचारलं की हौदातलं वापरलेलं पाणी नदीत कुठे सोडावं. आणि तुम्ही आपल्या कायद्याला धरून, अगदी प्रामाणिकपणे जागा दाखवलीत, धुण्याच्या दगडांच्या खाली. घरी येऊन अभिमानाने सांगितलंत, की साहेब तर उंबराजवळच सोडणार होता, मी होतो म्हणून आपला पाणवठा वाचला. गावाने तुमचं कौतुक केलं. मीही केलं. गावकुसाबाहेरच्या बाया दोन दिवसांनी आपल्या ओसरीखाली येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा तुम्ही त्यांना थोडं वर सरकून धुण्याच्या दगडांपाशी भरायला सांगितलंत. त्यांच्यातली एक म्हातारी म्हणाली, "मुकादम, धुन्याचं पानी प्यायाचं व्हय?" तुम्ही खाली बघून तंबाखू मळत राहिलात. मी दारामागे तांदूळ निवडत होते. मीही खाली बघून निवडत राहिले.

त्याच उन्हाळ्यात तुम्ही माझं लग्न लावलंत, आणि दिलंत कुठे, तर त्याच नदीवर, दोन गावं खाली. आपला सगळ्यात खालचा घाट म्हणजे माझ्या सासरचा वरचा घाट. हे तुमच्या ध्यानात आलं नाही. लग्नात तुम्ही मला पितळी तांब्या दिलात, जाड काठाचा, पोटावर वेलबुट्टी असलेला. म्हणालात, नातू झाल्यावर मी ह्याच तांब्याने तुझ्या घरचं पाणी पिईन. लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरी पाण्याला शिवत नाही, हा आपला रिवाज. दिवाळीला तुम्ही आलात आणि गेलात, पण ओसरीवर बसून तंबाखू तेवढी खाल्लीत. तहान लागली तरी गावाच्या वेशीबाहेर जाईपर्यंत कळ काढलीत. म्हणून तुम्हाला काही कळलं नाही. रंग म्हणाल तर पाण्याला रंग नव्हता, वासही नव्हता. पण हरभऱ्याची डाळ दुपारपर्यंत शिजवली तरी दाताखाली कचकच करायची. दूध तापवलं की नासायचं. जिभेवर मागे तुरट काहीतरी राहायचं. पात्रातल्या वाळूत माझे सासरे काकड्या लावायचे, त्यांची पानं कडेने जळत गेली. सासूबाई दिवसभर नदीवर, त्यांच्या पायांना भेगा पडल्या त्या भरेनात. गावात सगळे म्हणत, नदीला कुणाचीतरी नजर लागली. मला ठाऊक होतं कुणाची, आणि ते मी कुणाला सांगू शकत नव्हते.

बाळंतपणाला माहेरी आले तेव्हा पंधरा दिवसांत माझ्याही पायांची भेगाळलेली कातडी नीट झाली. तेव्हा मी तुम्हाला बोलले. तुम्ही न्याहारीला बसला होतात, आई भाकरी थापत होती. मी म्हटलं, आबा, ती पाइप काढायला सांगा साहेबाला. तुम्ही हसलात. नवी नवरी आहे, सासरचं पाणी मानवत नसेल, असं आईकडे बघून म्हणालात. मी म्हटलं, खाली कोण आहे ते बघावं ना आधी? मग तुमचा घास हातात राहिला. आई म्हणाली, बापाला उलट बोलू नये. मी म्हटलं, मी त्यांचंच बोलणं बोलते आहे. तुम्ही घास ताटात ठेवलात. मग ताटात हात धुऊन म्हणालात, "चाखल्याबिगर मी सायबाला काय सांगू? नातू व्हऊ दे. तुला पोचवाया आलो का तुज्या घरचं पानी पिईन. वाईट निघालं तर मी सोता सायबाच्या टेबलाम्होरं हुबा ऱ्हाईन. नोकरी ऱ्हाती का जाती ते मग बघू."

तुम्ही शब्दाचे पक्के होतात. एवढं मी तुमच्याबद्दल कुणालाही सांगेन. म्हणून त्या एका तांब्यावर सगळी नदी येऊन थांबली.

चैत्राचं ऊन. बैलगाडीत मी, मांडीवर बाळ, पुढे तुम्ही. नदीला धार उरलेली नाही, जागोजागी डबकी. सासूबाई दारात भाकरतुकडा ओवाळतात, बाळाच्या डोळ्यांना पाणी लावतात. ओसरीवर सासरे, दोन शेजारी, आणि तुम्ही फेटा काढून बसता. सगळ्यांना माहीत आहे की आज पहिल्यांदा बाप लेकीच्या घरचं पाणी पिणार, म्हणून सगळे जरा सावरून बसले आहेत. मी तो पितळी तांब्या चिंचेने घासते. सासूबाईंना मी निरोप धाडलेला होता, त्यांनी नदीचा हंडा सकाळीच भरून ठेवला आहे. मी तांब्या घेऊन ओसरीवर येते. तुम्ही दोन्ही हातांनी घेता, कपाळाला लावता आणि उभ्याउभ्या सगळा रिकामा करता. मग मिशा पुसून म्हणता, "ग्वाड हाय की पानी. उगं भ्याली व्हतीस, पोरी."

सभेत मी इथपर्यंतच सांगते. म्हणते, माझा बाप ते पाणी शेवटच्या थेंबापर्यंत प्याला आणि त्याने नोकरीपायी गोड म्हणून सांगितलं. टाळ्या त्याला वाजल्या. त्या साहेबाने तर हे लिहूनही घेतलं.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. पाइप राहिली. दोन वर्षांत तिच्या शेजारी दुसरी आली, मग मोजायचंच सोडलं. तुम्ही गेलात तेव्हा कंपनीतून मोठा हार आला होता. मी आले, रडले, आणि तिसऱ्या दिवशी परत निघून गेले. आई मरेपर्यंत मला विचारत राहिली की बापावर एवढा राग कसला. आता ती काकड्यांची वाळू कुणाला दिसायची नाही, तिथे भराव टाकून इमारती झाल्या. पाण्यावर जो फेस येतो त्याचे फोटो काढायला पोरं पुलावर थांबतात. मला घरचे म्हणतात, ह्या वयात सभांना कशाला जातेस, कोण ऐकतंय. ऐकेनात का. मी जाणार. नदी कुणाच्या बापाची नाही म्हणतात, पण घाण मात्र आपापल्या बापाची असते आणि ती आपल्याला उपसावी लागते. तुम्हाला कायदा कळत नव्हता असं मी म्हणू देणार नाही. त्या म्हातारीने ओसरीखाली उभं राहून विचारलं होतं. तुम्हाला ऐकू गेलं होतं. मलाही गेलं होतं. ती जागा दाखवल्याबद्दल मी तुम्हाला माफ केलेलं नाही, आणि मरताना करीन असंही समजू नका.

पण तांब्याचं राहिलंय.

स्वयंपाकघरात दोन भांडी होती, आबा. एक नदीचा हंडा. दुसरी कळशी, बाळंतिणीसाठी आणि बाळासाठी म्हणून सासूबाईंनी मळ्यातल्या विहिरीवरून, पाऊण कोस चालून, त्या फुटक्या पायांनी आणलेली. मी हंड्यावरचं झाकण काढलं. तांब्या बुडवायला हात खाली नेला. बाहेर तुमचा आवाज येत होता, तुम्ही बाळाला काहीतरी सांगून हसवत होतात. जन्मात पहिल्यांदा मी बापाला पाणी देणार होते. पहिलंच पाणी, आणि ते असलं. माझा हात गेला नाही. मी कळशी वाकवली. सासूबाई चुलीपाशी होत्या, त्यांनी पाहिलं, तोंड उघडलं आणि मिटलं. त्या पुढे वीस वर्षं जगल्या, त्यांच्या पायांना मी तेल लावायची, त्याबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत.

तुम्ही खरं तेच सांगितलंत. पाणी गोडच होतं. तुम्ही गाडी जुंपून घाटापर्यंत गेला असाल, आणि मी दारात बाळ घेऊन उभी होते. एक हाक मारली असती तर तुम्ही परत आला असता, हंड्यातलं प्याला असता आणि दुसऱ्या दिवशी साहेबाच्या टेबलापुढे उभे राहिला असता. तुम्ही राहिलाच असता, ह्याची मला आजही खात्री आहे. तुम्ही आपलं गाव वाचवलंत, मी माझा बाप वाचवला.

पुढच्या बुधवारी पुन्हा सभा आहे. मी जाणार आहे, आणि तावातावाने बोलणार आहे, त्यात फरक नाही. हे कागद मी त्या तांब्यात घालून ठेवणार. तांब्या अजून घरात आहे, पोटाला पोचा आला आहे. बुधवारी लोक ती गोष्ट पुन्हा मागतील. तिचा शेवट खरा सांगायचं मी ठरवलं आहे. पण ठरवलं तर मी त्या दिवशीही होतं.