दिसेल असा रंग

३ सप्टेंबर

लाल नको म्हणाले! डॅडना लाल पीस नको!

चाळीस वर्षं त्यांच्या बाणाला एकच ठरलेलं – दोन करडी पट्टेरी पिसं, टर्कीच्या पंखातली, आणि तिसरं लाल. लहानपणी मला वाटायचं बाण असाच उगवतो. त्यांची बोटं आखडल्यापासून, म्हणजे तीन वर्षं, पिसं मीच चिकटवते. आज साचा, डिंक, सगळं मांडून बसले, तर दारातूनच म्हणाले, "हेल्मी, या वर्षी रंग बदल."

"कोणता लावू?"

"कुठलाही. दिसेल असा."

दिसेल असा! लाल दिसत नाही की काय? विचारलं नाही. कॉफी ओतली.

५ सप्टेंबर

टपाल वाटून येताना दुकानातून पिसं आणली. पिवळी, नारिंगी, पोपटी, पांढरी, आणि एक पुडी भडक गुलाबी – ती उरलेली होती म्हणून दुकानदाराने तशीच दिली.

पांढरं बघून डॅड कडाडले. हरीण बिचकलं की शेपटी उभारतं, ती पांढरी. जंगलात पांढरं हललं की एखादा शहाणा शेपटी समजून बाण सोडतो. "तुझ्या आजोबांनी पांढरा रुमालसुद्धा घरी ठेवायला लावला होता मला." निळं तर मी आणलंच नाही. निळं हरणाला आपल्यापेक्षा स्वच्छ दिसतं म्हणतात. लाल-नारिंगीचं त्याला काही पडलेलं नसतं.

८ सप्टेंबर

सकाळी मागच्या अंगणात सराव. गवताचा भारा, पंधरा पावलं. मी प्रत्येक रंगाचा एकेक बाण केला होता. पाचवा त्यांचा जुना, लाल पिसाचा.

नेम अजून कसला आहे! पाचही बाण एका तळहातात मावतील असे. ते नेम धरत नाहीतच. खांदा, पाठ, श्वास – अंगच नेम धरतं.

पण प्रत्येक बाण सुटला की विचारायचे, "कुठे लागला?" पूर्वी कधी विचारलं नव्हतं. मग भाऱ्याकडे जाताना मान तिरकी. कोंबडी दाणा बघते ना, तशी. समोरचं समोरून बघत नव्हते.

बाण काढताना एक हातातून पडला. गवतात. लाल पिसाचा. पायाशी होता आणि ते चाचपडत होते. मी उचलून दिला तर म्हणाले, "कंबर दुखते गं."

९ सप्टेंबर

कंबर नव्हे.

१४ सप्टेंबर

शनिवार. डॅडची सौना, म्हणजे वाफेची अंघोळ, मग लेस्टर कॉफीला. लेस्टर पलीकडच्या रस्त्यावरचा, डॅडबरोबर लाकूडतोडीला होता तीस वर्षं. वेलचीचा पाव खाता खाता टेबलावरचा बाण उचलला. तिन्ही पिसं गुलाबी!

"ऑनी, हा बाण आहे की नातीच्या वाढदिवसाचा केक?"

डॅड म्हणाले, "हरणाला लाज वाटत नाही. तुला का वाटते?"

"अरे, हरीण मरायच्या आधी हसेल."

"हसू दे. हसताना उभं राहतं."

खूप हसलो. पण गुलाबी का, ते मला माहीत आहे. काल सगळे बाण गवतात टाकून बघितलं. ते खुर्चीत होते, मी सहज म्हटलं, "आणा ना जरा." नारिंगीला थबकले. पोपटी तर शेजारून गेले. गुलाबी मात्र झटकन उचलला. बस! रंग ठरला. बाराच्या बारा बाण गुलाबी करणार.

एक गोष्ट लिहायची राहून गेली आहे, एप्रिलपासून. बर्फ वितळल्यावर सफरचंदाच्या झाडांमागे मला त्यांचा बाण सापडला. लाल पिसाचा. सगळ्या काडीवर काळं, वाळलेलं रक्त. गेल्या नोव्हेंबरात ते म्हणाले होते – हुकला. हुकला नव्हता. लागला होता. त्यांना दिसलं नव्हतं. ते हरीण कुठेतरी जाऊन, किती वेळाने, मेलं असेल. जखमी हरीण सोडून घरी येणाऱ्याशी डॅड बोलतसुद्धा नसत.

मी तो बाण चुलीत घातला.

१ ऑक्टोबर

हंगाम सुरू. पहाटे जंगलातल्या फांद्यांच्या आडोशात जाऊन बसले. एकटे. मी अडवलं नाही. टपाल वाटताना दोन पत्रं चुकीच्या पेटीत टाकली. दुपारी घरी आले तेव्हा ते टेबलाशी मांस-बटाटा भरलेली पॅस्टी खात होते, तोंडभर खुशी. "एकही नाही दिसलं!"

खुशी कशाची, कळेना. बाहेर बसायला मिळालं याचीच असावी. आई गेल्यावर घरात असे कधी दिसले नाहीत.

६ ऑक्टोबर

आज झालं ते लगेच लिहून ठेवते.

रविवार. दुपारी गारा-पाऊस सुरू झाला आणि त्यांचा रेनकोट दाराला लटकलेला. घेऊन निघाले. नेहमी शीळ घालते. आज नाही घातली – म्हटलं, एखादं आलं असेल तर उधळेल. माझं तपकिरी जाकीट. झुडपातून वाकून चालले होते.

वर बघितलं तर गुलाबी ठिपका.

आडोशाच्या फटीत, त्यांच्या गालापाशी. बाण पुरता ओढल्याशिवाय पीस गालाला येत नाही. मलाच तर माहीत आहे, मी चिकटवलंय! वीस पावलं. पात्याचं टोक माझ्याकडे.

"डॅड! मी आहे! डॅड!"

किती वेळ गेला माहीत नाही. ठिपका हळूहळू पुढे सरकला. दोरी सैल झाली. मग आडोशामागे काहीतरी पडल्याचा आवाज.

ते गुडघ्यावर बसले होते. धनुष्य बाजूला. मी जवळ गेले तर माझं तोंड दोन्ही हातांनी चाचपलं. कपाळ, गाल, कान. पुन्हा पुन्हा.

घरापर्यंत मीच हात धरून आणलं. रेनकोट तिथेच राहिला.

७ ऑक्टोबर

बोलत नाहीत. जेवले नाहीत.

८ ऑक्टोबर

आज बोलले. सकाळी, खिडकीकडे तोंड करून.

"मला हरीण दिसलं, हेल्मी. आईशप्पथ. कान दिसले. शिंगंसुद्धा दिसली."

मी त्यांच्यापुढे कॉफी ठेवली.

"मधे धुकं असतं. कडेचं दिसतं. मधलं डोकं आपलं आपणच भरून काढतं. हरणाची वाट बघत होतो, म्हणून हरीण."

"किती दिवसांपासून?"

"दोन वर्षं. आधी एक डोळा. नंतर दुसरा."

"सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तू धनुष्य काढून घेतलं असतंस."

मी ओरडले! आयुष्यात पहिल्यांदा वडिलांवर ओरडले. "मग काय! घेतलंच असतं!" आणि तिथेच थांबले. कारण मला माहीत होतं. एप्रिलपासून. मला भीती वाटत होती की जंगल सुटलं तर हा माणूस खुर्चीतच संपेल. म्हणून मी रंग निवडत बसले. पिवळा की पोपटी की गुलाबी. साधा प्रश्न विचारला नाही. पंधरा पावलांवरचं पीस त्यांना दिसावं याची एवढी काळजी – आणि वीस पावलांवर मी!

ते सगळं त्यांना सांगितलं. चुलीत घातलेल्या बाणाचंही. त्यावर मात्र ते खाली बसले. म्हणाले, "नर होता की मादी?" म्हटलं, माहीत नाही. हरीण सापडलं नाही.

मग स्वतःच उठून धनुष्याची दोरी उतरवली. गुंडाळून माझ्या हातात दिली.

१५ ऑक्टोबर

डोळ्यांच्या डॉक्टरकडे. दोन तासांचा रस्ता. डॉक्टरीणबाई तरुण, डॅडशी मोठ्याने बोलत होती. ते म्हणाले, "बाई, डोळे गेलेत, कान नाहीत."

डोळ्यांच्या आतल्या पडद्याचा मधला भाग झिजलाय. गेलं ते परत येणार नाही. कडेचं राहील. पूर्ण अंधार नाही होणार. "कधी कधी घराण्यात असतं," असं म्हणून तिने माझ्याही डोळ्यांत थेंब टाकले, फोटो काढले. निकाल टपालाने येईल म्हणाली.

आणि मग गंमत! थेंबांनी मला काही दिसेना. ट्रक कोण चालवणार? दोघं पार्किंगमध्ये बसलो दोन तास. मांडीवर पॅस्टी. मी त्यांना विचारतेय, "हा कोण चाललाय?" आणि ते मला, "तू सांग, मी तर आंधळा!" इतके हसलो की डॅडना ठसका लागला.

संध्याकाळी सहाला, त्या रविवारनंतर प्रथमच, पोटभर जेवले.

२६ ऑक्टोबर

मी शिकार केली. मी!

कल्पना त्यांची. "धनुष्य सोडलं. जंगल सोडलं असं कुठे म्हणालो?" माझं जुनं धनुष्य माळ्यावरून काढलं, दहा दिवस भाऱ्यावर सराव केला, परवाना काढला. आज सकाळी उजाडल्यावर आडोशात दोघं. मी पुढे, ते माझ्या पाठीशी, गुडघा माझ्या पाठीला टेकवून. बाण गुलाबीच. दुसरे आहेत कुठे?

तासभर काही नाही. मग गुडघ्याने हळूच ढोसलं.

"डावीकडे. दोन. एक जड आहे."

मला पानसुद्धा हललेलं दिसलं नाही. मग खरंच – झाडामागून मादी, आणि तिच्यामागे नर. मोठा. बारा पावलांवर आडवा उभा राहिला. त्यांचा श्वास माझ्या मानेवर. त्यांनी श्वास रोखला तेव्हा मी बाण सोडला.

नर उडाला आणि गेला. मी धावणार तेवढ्यात त्यांनी जाकीट धरलं. "बाण आण आधी."

बाण आरपार गेला होता. आणला. रक्ताने चिकट. गुलाबीवर लाल – मला धड रंग कळेना! उजळ की काळपट? कुठे लागलाय? मलाही जखमी हरीण हरवायचं नव्हतं.

डॅडनी पीस बोटांत धरलं. अंगठा आणि पहिलं बोट. चोळलं. नाकाला लावलं. परत चोळलं.

"बुडबुडे आहेत. फुफ्फुस. आतड्याचा वास नाही. अर्धा तास बस, मग जा."

अर्धा तास बसलो. त्यांनी थर्मासमधली कॉफी मला दिली, स्वतः घेतली नाही. मग माग काढत गेले. ते माझ्या खांद्यावर हात ठेवून. साठ पावलांवर पडला होता. एकाच श्वासात गेला असावा.

डॅड खाली बसले, त्याच्या मानेवर हात ठेवला, आणि फिनिश भाषेत काहीतरी पुटपुटले. आजोबा म्हणायचे ते. मला ते शब्द येत नाहीत. उद्या विचारेन.

लेस्टर आला, सोलायला मदत केली. बाण बघून म्हणाला, "शेवटी केक खाल्लाच म्हणायचा त्याने."

२ नोव्हेंबर

आज टपाल लावताना माझंच पत्र माझ्या हाती आलं. दोन्ही डोळ्यांत पिवळे ठिपके. डॅडच्याच आजाराची सुरुवात. पंधरा वर्षं लागतील, किंवा कधीच नाही, किंवा लवकर.

लपवायचं नाही असं ठरवून थेट घरी स्वयंपाकघरात गेले आणि डॅडना वाचून दाखवलं. त्यांनी खुर्ची माझ्या खुर्चीला भिडवली.

"डोळे मीट," म्हणाले. "आधी केटली. आवाज ऐक, किती भरली ते कळतं."

मिटले.