डावा दुखला की ऊन

सोमवार, २४ नोव्हेंबर. सकाळी आठ.

आजपासून रोजचं हवामान लिहून ठेवणार. तोंडी सांगितलेलं या घरात कुणी लक्षात ठेवत नाही आणि खरं ठरलं की सगळे म्हणतात, असं कधी बोललात. चौथीपर्यंतच शिकले, पण अक्षर चांगलं होतं माझं.

माझा हिशेब सोपा. उजवा गुडघा दुखला की पाऊस. डावा दुखला की ऊन. मागच्या गणपतीत विसर्जनाच्या दिवशी उजवा दुखला, मी सांगितलं पाऊस येणार, आणि आला. तेव्हापासून शेजारची झुंबरबाई मला विचारल्याशिवाय मिरच्या वाळत घालत नाही. हे म्हणतात विसर्जनाला दरवर्षीच पाऊस असतो. यांना काय कळतंय.

आज डावा दुखतोय. चांगलाच. म्हणजे रविवारपर्यंत कडक ऊन.

ऊन पाहिजेच. रविवारी विंचूरहून चौघं मुक्कामाला येणार. लेक योगिनी, जावई, तिचे सासरे आणि सासू सगुणाबाई, म्हणजे माझ्या विहीणबाई. सोमवारी सकाळी त्र्यंबकला दर्शनाला जाणार. मागच्या थंडीत विहीणबाई राहिल्या तेव्हा आमची गोधडी नाकाला लावून म्हणाल्या, "पेटीत ठेवता वाटतं." एवढंच बोलल्या. पण योगिनीला ते वर्षभर ऐकावं लागलं. घरात काही ओलं राहिलं, काही कुबट झालं, की तुझ्या माहेरासारखं. लेकीने फोनवर हसत सांगितलं, पण आईला कळतं.

तर ठरलं. घरातल्या सगळ्या गोधड्या आज धुणार.

दुपारी. सून वेदिका मोबाइल घेऊन आली. मुलगा संतोष कंपनीच्या कामाला पुण्याला, त्यामुळे घरात मी, हे आणि ही. तिचं ऑफिस घरूनच चालतं, म्हणून मोबाइल सारखा हातात. म्हणते, आई, उद्यापासून आठवडाभर ढगाळ, पावसाची शक्यता साठ टक्के, गोधड्या धुऊ नका, आज ऊन आहे तर नुसत्या तापवून ठेवू. मी म्हटलं, म्हणजे चाळीस टक्के ऊन आहे ना? आमच्या शाळेत पस्तीसला पास करायचे. ऊन पास झालं.

ती म्हणाली, बरं. लगेच ऐकलं. पोरगी सुधारतेय.

झुंबरबाईलाही सांगून आले की धुऊन घे, आठवडाभर ऊन आहे. तिनेही सगळ्या भिजवल्या.

मंगळवार, २५ नोव्हेंबर.

ढग आहेत. पण वरवरचे.

गोधडी पाणी प्यायली की म्हशीएवढी होते. काल एकेक पिळून गच्चीवर नेता नेता जीव गेला. आज उजवा गुडघा पण दुखायला लागलाय. कुशीवर झोपले होते, त्याने असेल. तो धरायचा नाही.

संध्याकाळी भुरभुर आली. सगळ्या खाली आणल्या. याला पाऊस म्हणत नाहीत.

वेदिका बाजारातून निळी ताडपत्री घेऊन आली, गच्चीवर बांधायला. मी विचारलं, आपलं शेत आहे का? घडी घालून दिवाणाखाली सारली.

बुधवार, २६ नोव्हेंबर. सकाळी.

धुकं एवढं की समोरचं शिवमंदिर दिसत नाही. धुकं पडलं की दिवसा ऊन पडतं, हे कुणीही सांगेल. सगळ्या वर नेल्या.

दुपारी. सगळ्या खाली आणल्या.

संध्याकाळी. दोन्ही गुडघे दुखतायत. याचा अर्थ आधी पाऊस, मग ऊन. किंवा आधी ऊन, मग पाऊस. दोन्ही बरोबर धरायचं.

टीव्हीवर म्हणाले बंगालच्या उपसागरात कमी दाब आहे. बंगालचं आमच्या नाशिकच्या सिडकोतल्या गच्चीशी काय देणंघेणं? द्राक्षवाले दाखवले, बिचारे आभाळाकडे बघत होते. त्यांनाही माझा नंबर द्यायला पाहिजे.

यांनी काल रात्री दोन चादरी पांघरल्या, स्वेटर आणि कानटोपी घातली. आज सकाळी म्हणाले, हवामान खातं तुझ्या गुडघ्यात आलंय तर निदान शेकोटीची सोय तरी करायची. मी उत्तर दिलं नाही. थंडीत बोललं की दात वाजतात.

गुरुवार, २७ नोव्हेंबर.

आता वर न्यायच्या नाहीत, घरातच वाळवायच्या. दारांवर, खुर्च्यांवर, सोफ्यावर, टीव्हीवर. देवघरापुढेही एक. हे आंघोळ करून, केस पुसून आले आणि दिवा लावायला गोधडीच्या आत शिरले. बाहेर आले ते केस ओले करून. घरभर वास सुटलाय, पावसाळ्यात शाळेच्या वर्गात यायचा तसा.

इस्त्री करून वाळवायचं ठरवलं. हुशारीचं काम होतं. वाफ निघाली, बरं वाटलं. मग जरा जास्त वाफ निघाली, ती वाफ नव्हती. एक कोपरा तपकिरी झालाय. पाय त्या बाजूला येतात, कोण बघतंय.

वेदिका म्हणाली, पवननगरला लाँड्रीत मोठं ड्रायर मशीन आहे. मी म्हटलं, माझ्या आईने हाताने टाके घातलेत, मशीनला काय त्याची कदर.

दुपारी झुंबरबाई दारात. तिच्या नवऱ्याला खोकला झालाय, रात्रभर पडदे पांघरून झोपलेत दोघं. म्हणाली, "योगिनीचे आई, तुझ्या गुडघ्याला माझा निरोप सांग. मिरच्या गेल्या तर गेल्या, पण नवरा एकच आहे." मी म्हटलं, उद्या ऊन आहे. ती म्हणाली, कोणत्या गुडघ्याने सांगतेस? दोन्ही, म्हटलं. ती गेली. चहा न घेता गेली. वीस वर्षांत पहिल्यांदा.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर.

संकल्प: आजपासून हवामानावर एक शब्द बोलायचा नाही.

सकाळी दहा. बोलले. दूधवाल्याने विचारलं, मग काय करणार.

गुडघे एवढे दुखतायत की खाली बसले तर उठायला हे लागतात आणि यांना उठवायला वेदिका लागते. आज ती माझ्यासमोर बसली आणि हाडांच्या डॉक्टरांचं नाव काढलं. म्हणाली, आई, एक एक्सरे काढू, औषध घेतलं की बरं वाटेल. मी म्हटलं, आणि गुडघा बरा झाला तर गल्लीने कुणाला विचारायचं? ती हसली. मग म्हणाली, "आई, तुम्ही गोधड्या वर-खाली करायचं थांबवा. पाऊस थांबेल."

उद्धटपणा. दिवसभर विचार केला त्याचा.

सोमवारी गोधड्या वर नेल्या, मग उजवा दुखला. नाही, आधी दुखला, मग नेल्या. बहुतेक. नेमकी वेळ लिहून ठेवायला पाहिजे होती.

शनिवार, २९ नोव्हेंबर.

अकरा वाजता ऊन पडलं. खरंखुरं. गच्चीवर पाण्याच्या टाकीची सावली दिसली. मी कुणाला न सांगता सगळ्या गोधड्या वर नेल्या, एकटीने. कठड्यावरून झुंबरबाईला हाक मारून सांगितलं, बघ म्हणून. तिनेही आणल्या. समोरच्या दोघींनीही आणल्या.

पुढचं लिहायचं म्हणून लिहिते. मोठ्या थेंबांचा आला. सगळ्या गच्च्यांवर बायका पळतायत, गोधड्या ओढतायत आणि झुंबरबाई ओरडून सगळ्यांना सांगतेय की आता योगिनीच्या आईचा गुडघा काय म्हणतो ते विचारा. हसल्या सगळ्या. मी पण हसले असते, पण मी जिन्यात बसले होते. डोक्यावर ओली गोधडी, उजवा पाय वाकेना. वेदिका आणि हे दोघांनी धरून खाली आणलं. कुणी काही बोललं नाही. हे सुद्धा. तेच जास्त लागलं.

संध्याकाळी योगिनीला फोन केला. म्हटलं, पुढच्या आठवड्यात या ना, हवा बरी नाही. ती म्हणाली, आई, नको गं. सासूबाईंनी सगळ्यांना सांगितलंय. आता नाही म्हटलं तर काय म्हणतील ते तुला माहितीये.

माहितीये.

रविवार, ३० नोव्हेंबर. दुपारी.

नवीन योजना. नाशिकला यंदा थंडीच नाही. पांघरायची गरजच नाही. आल्या आल्या हेच सांगायचं. सगळ्या ओल्या गोधड्या दिवाणाखाली कोंबल्या. दिवाण थोडा उचललाय, लक्षात येणार नाही.

पाच वाजता आले. मी पातळ साडी नेसून बसले होते. म्हटलं, फार उकडतंय नाही का आज, आणि पंखा लावला. विहीणबाईंनी शाल डोक्यावरून घेतली. व्याह्यांनी हात खिशात घातले. माझ्या शेजारी हे बसले होते, कानटोपी आणि मफलर घालून. योगिनीने माझ्याकडे बघितलं आणि पंखा बंद केला.

चहा पिता पिता विहीणबाई इकडे तिकडे बघत होत्या. म्हणाल्या, कसला तरी ओला वास येतोय. मी म्हटलं, बंगालमध्ये कमी दाब आहे.

जेवणं झाली. विहीणबाईंनी विचारलं, अंथरुणं कुठं घालायची? योगिनीचा चेहरा बघवेना. मी तोंड उघडलं, सगळं सांगून टाकणार होते, देवाशपथ.

तेवढ्यात वेदिका माळ्यावरून चार गोधड्या घेऊन उतरली. कोरड्या.

सोमवार, १ डिसेंबर. सकाळी.

विहीणबाई उठल्या त्या गोधडी नाकाला लावूनच. माझा जीव वर-खाली. त्या म्हणाल्या, "उन्हाचा वास येतोय हो विहीणबाई. आठवडाभर आमच्याकडे सूर्य दिसला नाही. तुम्ही कधी तापवल्या?"

वेदिका पोहे करत होती, तिथूनच म्हणाली, मागच्या सोमवारी. आईंनी सांगितलं होतं ना, डावा गुडघा दुखतोय, ऊन आहे म्हणून. आमच्या आईंचा गुडघा म्हणजे मोबाइलपेक्षा भारी.

म्हणजे त्या दिवशी मी ज्यांना साबण लावायला बसले होते, त्यातल्या चार हिने आधीच काढून आपल्या खोलीच्या बाल्कनीत उन्हात टाकल्या होत्या. न धुता. नुसत्या तापवून, पाहुण्यांसाठी माळ्यावर राखून. मी मोजल्या कुठे होत्या.

योगिनी पोह्यांवर खोबरं घालत होती, ती माझ्याकडे बघून हसली. गेल्या वर्षापासून न दिसलेलं हसू.

काल रात्रीचं लिहिते. चार गोधड्या चौघांना. वेदिकाने आपलं ब्लँकेट यांना दिलं आणि स्वतः संतोषचं जॅकेट घालून झोपली. मी निळी ताडपत्री. ऊब बरी येते. फक्त कूस बदलली की आवाज होतो. जावई सकाळी म्हणाले, रात्री पाऊस जोरात होता का हो, पत्र्यावर पडल्यासारखा आवाज येत होता. मी म्हटलं, थोडासा.

मग निघताना विहीणबाई चपला घालता घालता थांबल्या. माझा हात धरला. म्हणाल्या, "तुम्हीच सांगा हो. त्र्यंबकला छत्री न्यावी का?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. व्याही, जावई, हे. दारातून झुंबरबाई, खास ऐकायला आलेली. दोन्ही गुडघे ठणकत होते. कोणता जास्त ते मला खरंच कळत नव्हतं. मी वेदिकाकडे बघितलं.

तिने मोबाइल ओट्यावर ठेवला आणि वाकून, अगदी हळूच, स्वतःचा डावा गुडघा चोळला.

मी म्हटलं, नको. ऊन आहे.

संध्याकाळी. योगिनीचा फोन. त्र्यंबकला दिवसभर लख्ख ऊन होतं, सासूबाई रांगेतल्या सगळ्यांना विहिणीच्या गुडघ्याचं सांगत होत्या. इथेही ऊन. गल्लीभर कठड्यांवर गोधड्या. झुंबरबाईने चहा घेतला, दोनदा.

उद्या हाडांच्या डॉक्टरांकडे जायचंय. मीच नंबर लावायला सांगितला वेदिकाला. तिचा गुडघा तरुण आहे, अजून पुष्कळ वर्षं चालेल. आता माझा बरा झाला तरी गल्लीचं काही अडत नाही.