बशीतला तुकडा

५ नोव्हेंबर, सांगली
फलटणहून एसटीने आगमन झाले. हळदीच्या पेठेमागे चंदनबालाकाकूंच्या माडीवर खोली मिळाली आहे. उशीलासुद्धा हळदीचा वास येतो, त्यामुळे लग्नाला उभा राहिल्यासारखे वाटते. घर जैनांचे. कांदा-बटाटा वर्ज्य, जेवण सूर्यास्ताआधी. पंचवीस वर्षे वार्ताहर म्हणून लोकांच्या बातम्या दिल्या, आता यकृतातल्या गाठीमुळे मीच बातमी होणार. जुनी औषधे हरली. इथल्या दवाखान्यात नव्या औषधांचा प्रयोग चालू आहे. माझा उत्साह दांडगा आहे.

७ नोव्हेंबर
गाठीचा तुकडा काढला. डॉक्टर श्रद्धा म्हणाली, तो काचेच्या बशीत वाढवू, त्याच्यावर एकेक औषध घालून पाहू, ज्याने तो मरेल तेच तुम्हाला देऊ. म्हणजे आधी त्याचा नंबर! मला चेष्टा सुचली. दान देताना सोडतात तसे तळहातावरून पाणी सोडले आणि म्हणालो, ‘इदं न मम’, हे माझे नव्हे. नर्सने मुकाट्याने फरशी पुसली. संस्कृतची ही आजवरची सर्वांत थंड दाद.
घरी येऊन हे सांगितले, तेव्हा काकू मात्र गहू निवडायच्या थांबल्या. आवं, पाणी सोडलासा, पर काय दिलासा त्याचं नाव घेतलासा का, म्हणाल्या. नाव न्हाई घेतलं तर घेणारा हाताला लागंल ते उचलतोय.
मी हसलो.

१८ नोव्हेंबर
श्रद्धाचा फोन. तुकडा जोमात आहे, तुमच्यासारखाच चिवट, म्हणाली. सकाळी त्याच्यावर पहिले औषध घातले, काही फरक नाही. माझे तोंड सकाळपासून कडू आहे. काकूंना कारल्यावरून छेडले, तर म्हणाल्या, आज भेंडी हुती.
मी अजून एकही गोळी घेतलेली नाही.
इथली संध्याकाळ फार लांब असते. जेवण लवकर उरकते आणि पुढे बोलायला कोणी नाही. पुतण्या विश्वजीत सैन्यात, त्याचा फोन लागत नाही. माझा फोन वाजतो तो दवाखान्याचा, आणि खुशाली कळते ती तुकड्याची.

२६ नोव्हेंबर
दुसरे औषध घातले. त्याच वेळी माझी नखे निळी पडली, तासाभराने ओसरली. श्रद्धाने तपासले. मनाचे खेळ आहेत, काका, म्हणाली. तुकडा ठीक आहे, असेही सांगितले. ऐकून मला बरे वाटले. आपले माणूस सुखरूप असल्यासारखे. याची लाज वाटायला हवी होती.

२ डिसेंबर
हट्ट करून त्याला पाहून आलो. मसुरीच्या डाळीएवढा, फिकट. मी बशीवर ओणवलो आणि क्षणभर मला माझाच चेहरा दिसला. प्रतिबिंब नव्हे. खालून दिसला. काचेपलीकडे, प्रचंड, चष्म्यासकट.
मी काय देऊन बसलो ते कळले. नाव घेतले नव्हते, घेणाऱ्याच्या हाताला मीच लागलो.
काकूंना विचारले, दिलेले परत मागता येते का. त्यांनी हातातले सूप खाली ठेवले. मग म्हणाल्या, दिल्यालं मागू नये, भाऊ.

५ डिसेंबर
श्रद्धा फोनवर जवळजवळ नाचत होती. तिसरे औषध लागू पडले. तुकडा मरतोय, उद्यापासून तुम्हाला सुरू. थांबवा म्हणालो. ओरडलो. ती म्हणाली, ऐन वेळी सगळेच घाबरतात, काका.
पायांना जमीन लागत नाही. पाय दिसतात, पण —

६ डिसेंबर, दुपार
जिना उतरता येईना. विश्वजीत — नुसती रिंग. श्रद्धा फोन उचलत नाही. तिचा मेसेज आला — निम्मा संपला, अभिनंदन.
माझे निम्मे —

थोड्या वेळाने
काकू वर आल्या. माझा आवाज फुटेना. फोन दाखवला. त्यांनी मेसेज वाचला, माझ्याकडे पाहिले. आवं, तुमच्या तोंडावर तर तेज आलंय, म्हणाल्या. तिकडचा जीव बिचारा एकलाच चाललाय. मरणाऱ्याच्या कानात णमोकार मंतर पडाय पायजे.
मी त्यांचा पदर धरला. धरला का? बोटे —
त्या खिडकीशी बसल्यात. दवाखान्याकडे तोंड. माझ्याकडे पाठ. हात लिहितोय, कुणाचा ते —
काकू, इकडे — मी इकडे —
त्या पुटपुटताहेत, तिकडे, लांब. शब्द माझ्या कानाशी. अगदी कानाशी. गार काच. वर दिवा. णमो अरिहंताणं, णमो सि