वार चुकलेलं नाव

२/११/९८, सोमवार
आज मृतांचा दिवस. आईला घेऊन पप्पांच्या कबरीवर गेले. वर्ष होत आलं तरी दगड बसवलेला नाही, नुसती माती. वाऱ्याने मेणबत्त्या टिकेनात. म्हातारे फादर आशीर्वाद देत फिरत होते, माझं नाव विचारलं. डॉमिनिका म्हटल्यावर कोण खूश! "अरे वा, लॅटिन! डॉमिनिका म्हणजे देवाची. आणि रविवार देवाचा वार, म्हणून रविवारी झालेल्या मुलींना हे नाव ठेवायचे. तू रविवारची ना?"
बत्तीस वर्षं हे नाव वागवतेय. शाळेत डोमकावळा, ऑफिसात मोनिका, रेशनकार्डावर डोमनिका. पप्पा नुसतं 'देवाची' एवढंच सांगायचे. आईला म्हटलं, "ऐकलंस?" ती मेणबत्ती सारखी करत बसली.

४/११, बुध.
अंबडला लाइट नव्हती, कारखाना ठप्प. स्टोअरच्या जोशीकाकांना विचारलं, माझ्या जन्मतारखेला, ११ ऑगस्ट ६६ ला, वार कोणता? "सोप्पंय. अठ्ठावीस वर्षांनी तेच कॅलेंडर परत येतं. ९४ चं बघ." आता ९४ चं कॅलेंडर कोण जपून ठेवतं?

५/११, गुरु.
आई ठेवते! स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर जुनी कॅलेंडरंच अंथरलेली. डबे उतरवून ऑगस्ट शोधला. हळदीच्या डागाखाली ११. गुरुवार.
दोनदा पाहिलं. गुरुवारच. चर्चमधल्या अर्ध्या पोरांना पप्पांनीच नावं सुचवलेली. स्टेला म्हणजे तारा, क्लारा म्हणजे उजळ, सगळं पुस्तकात बघून, खात्री करून. आणि स्वतःच्या पोरीच्या वेळी वार चुकले?

८/११, रवि.
चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर आईला सरळ विचारलं. "बाप्तिस्मा रविवारी झाला तुझा, म्हणून." उत्तर तयारच होतं. पप्पांची ट्रंक उघडली. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर ११ डिसेंबर ६६. मूल चार महिन्यांचं! लोकांनी बाप्तिस्म्याला एक महिना लावला तरी रागावणारा माणूस हा. शिवाय बाप्तिस्मे सगळ्यांचेच रविवारी होतात. मग अख्खं चर्च डॉमिनिका हवं.
आईला हेही सुनावलं. "डोकं खाऊ नकोस," म्हणाली. तव्यावरची भाकरी करपली तरी तिचं लक्ष नाही. माझंही जेवणात नव्हतं.

१२/११, गुरु.
इंदिरानगरच्या कोपऱ्यावर सोमीबाई भाजी घेऊन बसते, पेठ तालुक्यातल्या आदिवासी पाड्यावरची. कांद्याला सोन्याचा भाव, म्हणून मेथी घेतली. नावाचा विषय मीच काढला. "आमच्याकडं वार पाहून नाव ठेवत्यात. सोमवारची म्हनून मी सोमी. भैन बुधी. तुझा वार कोंचा?" म्हटलं, वार गुरुवार, पण नाव रविवारचं. खो खो हसली. "मंग रविवारी गावली असशील!"
गंमत केली तिने. मेथी तिथेच विसरून आले.

१५/११, रवि.
आई मिस्साला आली नाही. गुडघे दुखतात म्हणे. परत आले तर पप्पांचा फोटो पुसून टेबलावर ठेवलेला.
"त्यांनी जन्मात एकच मिस्सा बुडवली," म्हणाली. "त्या रविवारी. पहाटेच्या एसटीने पेठला गेले, संध्याकाळी तुला घेऊन आले. तीन महिन्यांची होतीस. घोंगडीत गुंडाळलेली."
मी विचारलं, "कुणाची?"
"आमची."
मग दोघी रडलो. मी रागाने, ती कशाने देव जाणे.

१९/११, गुरु.
ऑफिसला दांडी. पप्पांचा संताप येतोय. साऱ्या जगाला नावांचे अर्थ सांगत फिरले, मला माझा अर्धाच सांगितला. की नावातच सांगून मोकळे झाले? आरशात बराच वेळ बघत होते. नाक पप्पांसारखं आहे असं सगळे म्हणतात, आणि आई दरवेळी हो म्हणायची! आता भांडायला पप्पा नाहीत.
सोमीबाईच्या कोपऱ्यावरून जायचं टाळते आहे. तिच्या तोंडाकडे बघवणार नाही. उगीच साम्य शोधत बसेन.

२२/११, रवि.
आज आई आपणहून म्हणाली, "तिकडे तुझं दुसरं नाव होतं. देताना त्या बाईने ह्यांना दोनदा सांगितलं, विसरू नका म्हणून. मला पाठ आहे. सांगू?"
तीन आठवडे हिच्या मागे हात धुऊन लागले होते. मेथी निवडत होते, हात थांबला. म्हटलं, "थांब जरा."
ती थांबली. मी हे लिहितेय आणि ती समोरच बसलीय, अर्धी जुडी मांडीवर घेऊन. निवडत नाहीये. माझ्याकडेच बघतेय.